आधी ब्रेक, मग अश्वशक्ती

जुन्या गाडीच्या इंजिनाची ताकद वाढवायला निघालेल्या माणसाने बजेटच्या वहीत ‘ताकद’ हा शब्द सगळ्यात शेवटच्या ओळीत लिहावा, असं माझं मत आहे. पार्किंगमध्ये हे मत मांडलं की निम्मी पोरं हसतात आणि उरलेली विचारतात, “मग गाडी पळणार कशी रे?” त्याचं उत्तर दोन वाक्यांत मावत नाही, म्हणून हा लेख. वाङ्मय मंडळाच्या अंकात पिस्टन आणि रेडिएटर कशाला, असंही कुणाला वाटेल. पण निपाणी, संकेश्वर, चिकोडीकडून बेळगावला शिकायला येणाऱ्या आम्हा पोरांच्या बोलण्यात परीक्षेच्या खालोखाल कुठला विषय असेल तर तो ‘पिकअप’. त्या विषयात घरचा पैसा जातो, कधी कुणाचे हातपाय जातात. मग त्यावर मराठीत नीट लिहायला काय हरकत आहे?

आधी स्पोर्ट्स कार कशाला म्हणायचं ते ठरवूया. फेरारी, पोर्शे आपल्याला दिसतात त्या महामार्गावरून कुणी मुंबई-बंगळूरला निघालं असेल तेव्हा, तेवढाच आपला त्यांचा संबंध. आपल्या शेजारी, गोव्यात, एक खरी दोन सीटची उघडी स्पोर्ट्स कार तयार व्हायची. तिचं नाव सॅन स्टॉर्म. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आलेली ही गाडी फायबरग्लासच्या बॉडीची होती, इंजिन रेनॉचं 1149 सीसीचं, ताकद साधारण 60 अश्वशक्ती. ती फार खपली नाही. आपल्या लोकांची स्पोर्ट्स कार वेगळीच निघाली. बाहेरून घरगुती सेदान आणि बॉनेटखाली 1493 सीसीचं, 106 अश्वशक्तीचं इंजिन, म्हणजे 2003 पर्यंत मिळणारी जुनी होंडा सिटी व्हीटेक. त्या काळात एवढ्या ताकदीची घरगुती गाडी आपल्याकडे फारशी नव्हती. म्हणून आजही कोल्हापूर ते बेळगाव पट्ट्यात जुन्या व्हीटेकची चौकशी करणारी पोरं सापडतात. चारचाकी परवडत नाही त्यांची यामाहा आरएक्स 100 आहेच. 98 सीसी, 11 अश्वशक्ती, 1996 ला बंद झाली तरी अजून प्रत्येक गावात एक तरी गुरगुरते.

माझ्या मामेभावाकडे 2002 ची व्हीटेक आहे. दादा गाडीला हात लावतो आणि हिशेब मी लिहितो, कारण घरात बी.कॉम.ला मीच आहे. दोन वर्षांच्या त्या वहीतून आणि गॅरेजमध्ये मिस्त्रींच्या शेजारी स्टुलावर बसून जे कळलं, त्यावर माझं मत उभं आहे.

पहिला खर्च मोजण्यावर करावा. इंजिन कारखान्यातून निघालं तेव्हा 106 अश्वशक्ती देत होतं. आज किती देतंय? हे माहीत नसताना त्यात भर घालणं म्हणजे बँकेतली शिल्लक न बघता चेक फाडण्यासारखं. कॉम्प्रेशन तपासायला एक गेज आणि अर्धा-पाऊण तास लागतो. चारही सिलेंडरचे आकडे एकमेकांच्या जवळ असले तर ठीक. एखाद्याचा आकडा खाली आला तर त्या प्लगच्या भोकातून थोडं ऑइल सोडून पुन्हा मोजायचं. आकडा वर चढला तर रिंगा गेल्यात, नाही चढला तर बहुतेक व्हॉल्व्ह किंवा गॅसकेट. एवढ्या साध्या तपासणीने हाफ इंजिनचं काम आहे की फुल इंजिनचं, याचा अंदाज येतो. आणि हजारांचं काम की लाखाचं, हे तिथंच ठरतं. तरी पोरं गेज लावायच्या आधी सायलेन्सर बदलतात!

आपल्याकडे एक घट तर जन्मजातच आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचावर. एवढ्या उंचीवर हवा जवळपास 7 टक्के विरळ असते, आणि टर्बो नसलेलं इंजिन तेवढीच कमी हवा ओढतं. म्हणजे अगदी ठणठणीत व्हीटेकसुद्धा कॅम्पातल्या रस्त्यावर 98-99 अश्वशक्तीचीच. चोर्ला घाट उतरून गोव्यात गेलं की “गाडी हलकी पळाय लागली” असं वाटतं, त्यात थोडं तरी तथ्य आहे. त्या 7 टक्क्यांसाठी इंजिनाला शिव्या देऊ नयेत.

दुसरा खर्च हरवलेलं परत मिळवण्यावर. वीस-बावीस वर्षांच्या इंजिनात ताकद अनेक ठिकाणी थोडी थोडी गळत असते. टॅपेट ढिले झालेले असतात, इंजेक्टर कचऱ्याने अर्धवट तुंबलेले असतात. कुठं प्लगच्या वायरी जुन्या, कुठं मॅनिफोल्डचं गॅसकेट फुंकतंय, कुठं ब्रेकच्या कॅलिपरची पिन अडकून चाक स्वतःच घासत चाललंय. ही सगळी कामं फोटो काढून दाखवण्यासारखी नाहीत. पण यातून परत आलेली प्रत्येक अश्वशक्ती कंपनीने हिशेब करून दिलेली होती. गिअरबॉक्स, क्लच, रेडिएटर सगळं तिच्यासाठीच बांधलेलं होतं. म्हणून तिच्याइतकी स्वस्त आणि टिकाऊ ताकद दुसरी नाही. आमच्या वहीत पहिल्या वर्षी ‘नवीन ताकद’ या रकान्यात शून्य आहे. दादाने चार दिवस तोंड फुगवलं, पण वर्षाअखेरीस गाडी पूर्वीपेक्षा नक्की जास्त पळत होती.

आता खरी वाढ. इथं थोडं गणित समजून घ्यायला पाहिजे. टर्बो न लावता ताकद वाढवायची तर साधारण रस्ता एकच: इंजिनातून जास्त हवा जायला हवी, आणि ते जास्त आरपीएमला फिरायला हवं. कॅम, हेडचं पोर्टिंग, मोठा एक्झॉस्ट ही सगळी त्याचीच साधनं. पण पिस्टन वर-खाली जाताना कनेक्टिंग रॉडवर येणारा ताण आरपीएमच्या वर्गाच्या पटीत वाढतो. 6000 वर फिरणारं इंजिन 7000 ला नेलं तर फिरणं वाढलं फक्त 17 टक्के, ताण मात्र 36 टक्के. रॉडचे बोल्ट आणि बेअरिंग वीस वर्षांचे. “फक्त हजार आरपीएम जास्त” म्हणणाऱ्याला हा आकडा कुणीतरी सांगायला हवा की नको?

उष्णतेचंही तसंच. ढोबळमानाने पेट्रोलमधल्या ऊर्जेचा एक तृतीयांश भाग कामाला येतो, एक तृतीयांश एक्झॉस्टमधून जातो आणि उरलेला रेडिएटरने बाहेर टाकायचा असतो. म्हणजे ताकद वाढवली तेवढं कूलिंगचं काम वाढलं. कोल्हापूरकडून निपाणीच्या पुढं आलं की तवंदी घाटाची चढण लागते. एप्रिल-मे महिन्यात, एसी चालू, गाडीत चार माणसं, पुढं उसाचा नाही तर लोखंडाचा ट्रक. जुन्या इंजिनाची परीक्षा होते ती तिथं. माझ्या एका मित्राने मोठा एक्झॉस्ट आणि कॅम घातले. रेडिएटर मात्र जुनाच, आतून क्षाराने अर्धा बुजलेला. घाटात काटा लाल रेषेत गेला, हेड वाकडं झालं, गॅसकेट फुटलं. इंजिन काढून उभं करायला जो खर्च आला, त्यात नवा रेडिएटर, होज, थर्मोस्टॅट आणि पाण्याचा पंप सगळं होऊन वर पैसे उरले असते. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, दुसरं काय!

आपल्या भागात आणखी एक गोष्ट जवळची आहे, इथेनॉल. निपाणी, चिकोडी, अथणीचा ऊस कारखान्यात जातो आणि त्यातला काही भाग शेवटी आपल्याच टाकीत येतो. 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल फेब्रुवारी 2023 पासून पंपांवर यायला लागलं. शेतकऱ्याच्या घरचा म्हणून मला त्याचं वाईट वाटत नाही. पण 2002 ची गाडी त्यासाठी बनवलेली नाही, हे मान्य करून बजेट करावं. इथेनॉल पाणी ओढून घेतं, टाकीतला जुना गंज मोकळा करतं, जुन्या रबरी पाइपांना आणि सीलना त्रास देतं. लिटरमागे त्यात पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी, म्हणून ॲव्हरेज थोडं उतरणारच. शिवाय ते जळायला हवा कमी लागते. कार्ब्युरेटरचं जेट जुन्याच मापाचं राहिलं तर मिश्रण पातळ होतं आणि इंजिन जास्त तापतं. आरएक्स 100 वाल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. ताकदीचा पहिला रुपया खर्च करायच्या आधी पेट्रोलचे पाइप, फिल्टर आणि सील बदलायचे. हा खर्च दोन-तीन हजारांचा असो की दहाचा, जळक्या गाडीपेक्षा कमीच.

मग कायदा. सीमाभागात याचा ताप दुप्पट. आमच्याकडे निम्म्या जुन्या गाड्या एमएच 09 च्या, म्हणजे कोल्हापूर पासिंगच्या. मालक राहतो निपाणीत, जिथं केए 23 लागतं, आणि शिकतो बेळगावात, जिथं केए 22. दुसऱ्या राज्यात गाडी 12 महिन्यांहून जास्त ठेवली तर तिथली नोंदणी करावी लागते, त्यासाठी आधीच्या आरटीओची एनओसी आणि इथला कर लागतो. ही रक्कम गाडीच्या किमतीत धरायची असते. पोरं ती ‘पुढचं पुढं बघू’ या खात्यात टाकतात. 15 वर्षं झाली की आरसीचं नूतनीकरण, मग दर 5 वर्षांनी पुन्हा. दादाच्या गाडीचं पुढचं वर्ष 2027. तेव्हा इन्स्पेक्टर बॉनेट उघडणार, हे धरूनच काय बसवायचं ते ठरवायला हवं. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आरसीवर नोंदलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदलाला प्रत्येकी 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद झाली. दुसरं इंजिन बसवायचं तर आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागतेच. न कळवलेल्या बदलावरून विमा कंपनीने दावा नाकारला तर समोरच्या जखमी माणसाला काय तोंड दाखवणार? म्हणून मी म्हणतो, मूळ इंजिनच उत्तम बांधा. ते कायद्यालाही चालतं आणि खिशालाही.

आणि उत्तम बांधायला आपल्याला लांब जावं लागत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये सायकलचं दुकान काढलं ते बेळगावात. त्यांचा लोखंडी नांगर तयार झाला तोही इथंच, 1903 मध्ये. किर्लोस्करवाडी उभी राहिली ती त्यानंतर 1910 ला. आज उद्यमबागेत आणि तिकडं कोल्हापूरच्या शिरोली, गोकुळ शिरगावात मोठ्या कंपन्यांसाठी ओतकाम आणि मशीनिंग होतं. ज्या भागात इंजिनाचे सुटे भाग ओतले जातात, तिथल्या पोरांनी ऑनलाइन मागवलेल्या चकचकीत ‘परफॉर्मन्स किट’वर पैसे घालवावेत, हे मला पटत नाही. ब्लॉक बोअर करणं, हेडला फेस मारणं, क्रँक ग्राइंड करणं, व्हॉल्व्ह सीट कापणं, ही कामं करणारे हात आपल्याजवळ आहेत. आमचे मिस्त्री मराठी, कन्नड आणि उर्दू एकाच वाक्यात बोलतात, अजून ‘सुता’त मोजतात आणि बोटाने चाचपून सिलेंडरची झीज सांगतात. पण बोटावर थांबू नये. काम झाल्यावर माप लिहून मागावं: बोअर किती, पिस्टनचा क्लिअरन्स किती, बेअरिंगचा किती. चांगला मिस्त्री रागावत नाही. आमचे तर म्हणाले, “लिहून घे की, पुढच्या वेळी मलाच उपयोगी पडतंय.” जो मिस्त्री लिहून देत नाही, त्याच्याकडं इंजिन सोडू नये.

आता वही उघडतो. समजा खिशात 1 लाख रुपये आहेत. रक्कम कमी-जास्त असू शकते, प्रमाण महत्त्वाचं. त्यातले 20 हजार आधीच बाजूला काढायचे आणि विसरायचे, कारण जुनं इंजिन खोललं की न दिसलेलं काहीतरी निघतंच. 40 हजार थकलेल्या देण्यांसाठी: टायमिंग बेल्ट, पाण्याचा पंप, रेडिएटर, होज, पेट्रोलचे पाइप, इंजिन माउंटिंग, क्लच. टायमिंग बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटू शकतात, म्हणून त्याचं नाव यादीत पहिलं. 20 हजार ब्रेक आणि टायरसाठी. उरले 20 हजार. ताकदीवर खर्च करायचा तो एवढाच, तोही मोजमाप झाल्यावर आणि हेडच्या स्वच्छ कामापासून सुरू करून. एवढ्यात किती वाढ मिळेल? थोडीच. पण ती वाढ उद्याही असेल आणि पुढच्या दिवाळीतही असेल. “एवढंच?” म्हणणाऱ्याने रक्कम वाढवावी, क्रम बदलू नये. आणि रक्कम कर्ज काढून वाढवू नये. उसाचं बिल उशिरा आलं तरी हप्ता उशीर मान्य करत नाही, हे आपल्या घरांत सांगायला नको.

ब्रेकला इतका मान का? गाडी थांबवायला लागणारी ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. 80 वरून 100 ला गेलात तर वेग 25 टक्के वाढला, ब्रेकवरचं काम 56 टक्के. आपला रस्ता कुठला? हंगामात दोन-दोन ट्रॉल्या लावलेला, मागे दिवा नसलेला उसाचा ट्रॅक्टर जिथं रात्री अचानक समोर येतो, तो. ज्याच्या गाडीत 20 अश्वशक्ती जास्त आणि ब्रेक 2002 चे, त्याच्या आईने रात्री जागं का राहावं? वेगाची हौस खरीच असेल तर कोल्हापूरजवळ गो-कार्टिंगचा ट्रॅक आहे. हेल्मेट घाला, तिथं जा, हौस भागवा. महामार्ग सगळ्यांचा आहे.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो चुकीचा नाही. आजचं 1 लिटरचं छोटं टर्बो इंजिन कंपनीतूनच 100 अश्वशक्ती देतं, वॉरंटीसह. मग जुन्यावर लाख रुपये कशाला? नुसता आकडा हवा असेल तर नवीच गाडी घ्यावी, मी स्वतः तसंच सांगेन. पण दादाला आकडा नको आहे. आरपीएम 5000 च्या पुढं गेल्यावर त्या इंजिनाचा आवाज बदलतो, तो त्याला आवडतो. स्वतःच्या हाताने टॅपेट सेट केल्याचं समाधान त्याला हवं आहे. आणि गाडीने रविवारी सकाळी आंबोलीला जाऊन संध्याकाळी घरी आणावं, एवढी अपेक्षा. यातलं शेवटचं सगळ्यात महाग असतं, आणि त्याचं बिल कुठलाही सायलेन्सरवाला देत नाही.

म्हणून या अंकाच्या वाचकांना, विशेषतः ज्यांच्या घरासमोर ताडपत्रीखाली एखादी जुनी गाडी उभी आहे त्यांना, एकच सुचवतो. स्पॅनर घ्यायच्या आधी शंभर पानी वही घ्या. पहिल्या पानावर कॉम्प्रेशनचे चार आकडे लिहा, दुसऱ्यावर आरसी आणि विम्याच्या तारखा, तिसऱ्यावर काय झिजलंय त्याची यादी. त्या यादीतल्या सगळ्या ओळी खोडून झाल्यावर पैसे उरले, तर चौथ्या पानावर अश्वशक्ती लिहायला माझी काहीच हरकत नाही.